फोडणी खाणारी म्हैस

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. मला अजून राग येतो त्या दिवसाचा, आणि रागावलेल्या माणसासमोर कोणी फिसकन हसलं की त्याचा राग फुकट जातो.

तसा मी रागीट नाही. वाडीत कोणालाही विचारा. "गणपतआबाला राग यायचा तर आदल्या दिवशी निरोप धाडावा लागतो," असंच सांगतील. पण एकदा आला, की तो पाहुण्यासारखा बसूनच राहतो. उठायचं नाव नाही!

आमची वाडी म्हणजे रत्नागिरीहून खाडी ओलांडायला तरीत बसायचं, भाट्याला उतरायचं आणि मग कातळ चढून यायचं. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झालेली. एक दिवस पाटील सांगत आले की सरकार आपल्या शाळेच्या पडवीत केंद्र काढतंय. पोटुश्या बायकांना आणि लहान पोरांना सकस खाणं शिजवून घालायचं, आणि कसं शिजवायचं ते शिकवायचंही. त्यासाठी वाडीतलीच एक बाई ठेवणार. पगारी! शहरातून सरकारी बाई येणार, घरं बघणार, घरातलं खाणंपिणं बघणार आणि मग ठरवणार.

आमची सून लीला. हाताला चव अशी, की नुसत्या मिठाच्या पाण्याला फोडणी दिली तरी शेजारी वास घेत येतील. तिचा नवरा, म्हणजे आमचा वसंत, मुंबईला गिरणीत. त्याची मनीऑर्डर आली तर आली. लीलाने त्या नोकरीवर जीवच टाकला. आठवडाभर तिच्या तोंडात दुसरा विषय नाही.

"आबा, मला घेतील काय वो?"

"घेतील गो. न घ्यायला काय झालं?"

बोलायला बोललो, पण मनात धाकधूक. मी अडाणी माणूस. पण अडाण्यालाही एवढं कळतं की सरकारी बाई घर बघायला येते ती चांगलं घर शोधायला. आणि चांगलं घर म्हणजे काय? जिथे गहू खातात, साखर खातात, न उकडलेल्या तांदळाचा पांढराशुभ्र सुरय भात खातात. आणि आमच्या घरात काय? सकाळी नाचणीची आंबील. दुपारी नाचणीची भाकरी आणि शेवग्याचा पाला. रात्री लाल उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी. सांगा बघू, हे काय सरकारला दाखवायचं खाणं आहे? आमच्यात पाहुणा आला की भाकरीची टोपली आधी फळीवर जाते आणि मग पाहुण्याला पाणी मिळतं. माझ्या बापाने तेच केलं, त्याच्या बापाने तेच केलं.

तेव्हा मी रत्नागिरीच्या बाजारात गेलो. गव्हाचं पीठ आणलं, साखर आणली, डब्यातलं वनस्पती तूप आणलं. आमच्या मंडळींनी पिशवी उघडून बघितली आणि जे काही बोलल्या, ते इथे सांगण्यासारखं नाही.

पांढरा तांदूळ आणि कपबश्या मागायला इब्राहिमकडे गेलो. इब्राहिम आमचा शेजारी. जन्म बोटीवर काढून आता घरी बसलेला. त्याने सगळं दिलं, पण वर विचारलं, "गणपत, हे सोंग कशाला रे? मी बोटीवर पांढरा पाव खाऊन खाऊन असा झालो होतो की बंदराला लागलो की आधी नाचणी शोधायचो. तुझ्या घरात भरलेली आहे, आणि तू ती लपवतोस?"

"तुला काय कळतंय? तू मुसाफीर माणूस," मी म्हटलं.

तो गप्प बसला. तेव्हाच त्याने मला धरून ठेवलं असतं तर? पण नाही. शेजारी असेच असतात, नको तेव्हा बोलतात आणि हवं तेव्हा गप्प बसतात. त्याचाही मला राग आहे.

बाई यायच्या दिवशी लीलाने भल्या पहाटे उठून नेहमीचा स्वयंपाक केला होता. मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"हे काय गो? मी पुऱ्या सांगितल्या होत्या!"

"पुऱ्यापण करते. पण आबा, त्या बाईंना हेच दाखवूया ना. मला हेच चांगलं येतं."

"नोकरी पाहिजे काय तुला?"

"पाहिजे."

"मग उचल हे सगळं!"

तिने उचललं नाही. मग मीच उचललं. भाकऱ्यांची चवड, पाल्याच्या भाजीची कढई, पिठीचं पातेलं, सगळं नेऊन गोठ्यात ठेवलं आणि वर टोपली उपडी घातली. गोठ्यात कोण सरकारी बाई जातेय?

आली. साधं पातळ, खांद्याला पिशवी, पायात धुळीने माखलेल्या चपला. बोलायला गोड. "आबा" म्हणाली मला पहिल्या झटक्याला. मी तिला पाट दिला, इब्राहिमच्या कपात चहा दिला. चहात साखर अशी घातली होती की चमचा उभा राहील. मग पुऱ्या, सुरय भात, वर तूप.

बाईंनी दोन घास खाल्ले. "घरात रोज हेच असतं का?"

"रोज!" मी म्हटलं.

"नाचणी नाही खात?"

झालं! माझ्या कपाळाची शीर ताडकन उठली. अहो, आमच्या घरात येऊन, आमच्या पाटावर बसून, आम्हाला विचारते नाचणी खाता का! म्हणजे आम्ही काय इतके गेलेले दिसतो? पण मी राग गिळला. लीलाच्या नोकरीचा प्रश्न होता ना.

"छे छे! नाचणी कशाला? देवाच्या दयेने बरं चाललंय आमचं."

बाईंचा चेहरा जरा उतरला. मला वाटलं, दबली. आपलं घर तिला भारी वाटलं!

"उकडा तांदूळ?"

"शिवत नाही आम्ही."

"कुळीथ?"

"तो घोड्यांना घालतात म्हणे."

"शेवग्याचा पाला तरी? दारात झाड आहे तुमच्या."

"ते सावलीला लावलंय."

शेवग्याची सावली! आता मलाच लाज वाटते सांगायला. आतून आमच्या मंडळी अशा खोकल्या, की मला वाटलं उंबऱ्यावर दमा बसलाय. लीलाने तर एक भांडं असं आपटलं की कावळे उडाले. पण मी कसला थांबतोय? बाईंचा चेहरा जितका उतरत होता, तितका मी चढत होतो.

शेवटी बाईंनी ताट बाजूला सारलं. "आबा, खरं सांगते. या पांढऱ्या भातात आणि साखरेत पोट भरण्यापलीकडे फारसं काही नाही हो. नाचणीने हाडं बळकट होतात. पाल्याने अंगात रक्त भरतं. कुळथाने ताकद येते. हे सगळं इथे दारात पिकतं, आणि तेच शिजवायला शिकवणारी बाई मला हवी आहे. तुमच्या सुनेचं नाव मी ऐकलं होतं. पण ज्या घरात नाचणीच नाही, तिथली बाई ती काय शिकवणार?"

आता तुम्हीच सांगा, माणसाने काय करावं? सारा जन्म आम्ही जे गरिबीचं म्हणून दार लावून खाल्लं, ते म्हणे औषध! हे सरकारला आधी सांगता येत नव्हतं? दवंडी पिटायला काय झालं होतं? राग आला, राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना. आणि आता "नाही हो बाई, आम्ही नाचणीच खातो" म्हणावं, तर इतका वेळ बोललो ते खोटं ठरतं. पांढरे केस घेऊन सुनेसमोर खोटा ठरू?

मी बाईंच्या ताटात आणखी एक पुरी सरकवली. बाई उठल्या. निघता निघता म्हणाल्या, "गोठा घराला फार लागून नाही ना? तेवढं बघते."

आणि मी "नको" म्हणेपर्यंत ती गोठ्यात!

मागोमाग मी, माझ्यामागे मंडळी, त्यांच्यामागे लीला. जाऊन बघतो तर आमच्या चंद्रीने, म्हणजे म्हशीने, नाकाने टोपली ढकलून दिलेली. भाकऱ्यांची चवड उघडी, कढई उघडी, पातेलं उघडं.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

खरं बोलायची ही शेवटची संधी होती. पण जीभ आपल्या वळणावर गेली होती ना! ती म्हणाली, "म्हशीचं."

"म्हशीचं?"

"होय. आमची म्हैस नाचणी खाते."

"भाकऱ्या करून?"

"दात कमकुवत झालेत तिचे."

बाई खाली वाकल्या. "आणि ही पाल्याची भाजी? यात तर ओलं खोबरं दिसतंय. लसणीची फोडणी आहे."

"तिला फोडणीशिवाय जात नाही," मी म्हटलं.

मंडळींनी तोंडाला पदर लावला. रागाने की हसण्याने ते मी वळून बघितलं नाही.

चंद्री तेवढ्यात पुढे आली, आणि एक अख्खी भाकरी तिने अशी उचलली, जशी काही ती रोज पंगतीला बसते. मग दुसरी. मी तिला इतकी वर्षं पेंढा घातला, पाणी दाखवलं, पावसाळ्यात तिच्यासाठी रात्र रात्र जागलो, आणि नेमकी त्या दिवशी ती माझ्या बाजूने साक्ष द्यायला उठली. माझ्या आयुष्यात मला कोणाचा एवढा राग आला नसेल!

आणि बाईंनी काय करावं? चंद्रीच्या तोंडापुढची भाकरी ओढून घेतली, तुकडा मोडला, कढईतल्या भाजीला लावला आणि खाल्ला.

"अहो बाई, ते म्हशीचं!"

"असू दे. ती देईल मला थोडं."

तिथेच गव्हाणीच्या कडेला टेकल्या आणि अख्खी भाकरी संपवली. एका बाजूला सरकार जेवतंय, दुसऱ्या बाजूला चंद्री जेवतेय, आणि मधे मी उभा. ताटातल्या पुऱ्यांना बाईंनी नंतर बोटही लावलं नव्हतं.

"कोणी केलंय हे?"

लीला पुढे आली. डोळे लाल, ओठ घट्ट. "मी."

"म्हशीसाठी?"

लीलाने माझ्याकडे बघितलं. हो म्हणाली, तर तिचा सगळा हातगुण म्हशीच्या नावावर. नाही म्हणाली, तर सासरा गावभर खोटा. पोरीने जरा श्वास घेतला.

"होय बाई. आबा सांगतात ते खरंच असणार. आमच्या घरात म्हशीला मान मोठा. नाचणीला मोड काढते, दळते, कपड्यातून गाळून सत्त्व करते, तेपण म्हशीलाच. कुळीथ भाजून पिठी करते ती म्हशीला. माणसांचं काय, ती आपली साखरभातावर भागवतात!"

इतकं शांतपणे बोलली, की मला त्या शेणात पाय रुतवून आत जावंसं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई हसल्या नाहीत, एवढे त्यांचे उपकार. हात धुतले, पिशवी खांद्याला लावली. "लीलाबाई, जी म्हशीसाठी एवढं करते ती माणसांसाठी काय करेल! सोमवारी शाळेत या. नोकरी तुमची."

मंडळींनी तिथेच देवाला हात जोडले. मीही जोडले. म्हटलं, झालं गेलं पार पडलं, सुटलो!

"आणि आबा," बाई माझ्याकडे वळल्या, "तुम्हीपण यायचं. नाचणी न खाणारं वाडीतलं एकच घर मला सापडलं, ते तुमचं. शिकायची गरज सगळ्यांत जास्त तुम्हालाच आहे."

गेलो. सोमवारी शाळेच्या पडवीत वाडीतल्या झाडून सगळ्या पोटुश्या बायका आणि त्यांच्या ओळीत मी. माझ्या एका अंगाला पाटलांची सून, पोटावर हात ठेवून. दुसऱ्या अंगाला आमच्या मंडळी, नुसती मजा बघायला आलेल्या. समोर लीला, पदर खोचून, हातात नाचणीची भाकरी. जसा काही मी तिचा कोणी लागतच नाही!

"बायांनो," ती म्हणाली, "आणि आबा. ही नाचणीची भाकरी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना चालते, पोरांना चालते, गरोदर बाईला तर हवीच हवी. आणखी कोणाला चालते, सांगा बघू?"

"म्हशीला!" अख्खी पडवी ओरडली. आणि सगळ्यांत मोठ्याने आमच्या मंडळी.

मी तडक उठलो. कोपऱ्यात ठेवलेली काठी घेतली. असा संतापलो होतो, की आता घरी जायचं आणि परत या शाळेचं तोंड बघायचं नाही. पण घरी काय होतं? त्या दिवसापासून मंडळींनी नाचणीचं पातेलं चुलीवर चढू दिलं नव्हतं. माझ्यासाठी घरात फक्त साखरभात!

परत ओळीत बसलो आणि पाल्याच्या भाजीसाठी वाडगा पुढे केला.

"फोडणी जरा जास्त घाल गो," मी म्हटलं.