आधी आगपेटी

तासगावात आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत. बायको घरात मटण शिजवू देत नसे, म्हणून ते गॅसची टाकी अंगणात आणून लोखंडी शेगडीला जोडत. मग नळीच्या सांध्यावर साबणाचा फेस लावून गॅस गळतोय का ते बघत बसत.

एकदा भुकेने कासावीस होऊन मी आगपेटी काढली. "आवं सुभेदार, काडी वढून बघू की. गळत असलं तर लगीच कळंल."

तेवढ्यात फेसाला बुडबुडा आला. त्यांनी टाकी बंद करून माझ्यापुढे हात पसरला. "ती पेटी हिकडं दे. आन आता सरपण फोड गड्या, लय भूक हाय न्हवं?"

मटण चुलीवरच झालं.

पुढे एसटी स्टँडवर भेटलो, तरी त्यांचा हात पुढे येई. आगपेटी स्वतःच्या खिशात टाकल्यावरच ते विचारत, "काय, बरं हाय न्हवं?"