ओढ्यापलीकडची वाट

बमरोलीत आमच्या शेजारी राहणारे दादा रुग्णवाहिका चालवतात आणि खानदेशी सवयीने बोलता बोलता ‘भो’, म्हणजे भाऊ, म्हणतात. सुटीला ते मोटरसायकल काढून डोंगराकडच्या पाड्यांवर जातात, पावसात गाडी कुठवर येईल ते विचारत फिरतात.

"सुटीत तरी घरी बसा," मी एकदा म्हणालो.

"माणूस तडफडत असताना रस्ता शोधायचा का, भो?"

परवा सकाळी एका पाड्यावरून कळा सुरू झालेल्या बाईसाठी फोन आला. ओढ्याला पूर होता. दादांनी फोनवरच सांगितलं, "ओढ्याकडे नका येऊ. तिला झोळीतून टेकाडावरच्या शाळेपाशी आणा." गाडी पोचली तेव्हा ती तिथे होती.

दुपारी दादांनी आमच्या दारातूनच मुलगी झाल्याची बातमी दिली, "पोर व्हयनी, भो. मायलेकी बेस." मग शेजारी आपल्या घरी जेवायला बसले आणि बायकोकडे दोनदा भात मागितला.