पूल झाला की येईन

राजकारणात भीमसेनरावांनी वचनं पोत्यानं वाटली, पण सासूला वचन देण्याचा मूर्खपणा एकदाच केला. साल एकोणीसशे एकोणऐंशी. तंजावरजवळच्या ओरत्तनाडू गावापुढं कालव्याच्या अलीकडं त्यांचं घर, पलीकडच्या गावात बायकोचं माहेर, आणि मधे पूल म्हणून आडवं टाकलेलं ताडाचं एक खोड. कालवा तुडुंब भरलेला, म्हणून कनकलताला माहेरी पाठवता आलं नाही, ती सासरीच बाळंत झाली. मग तिची आई राजम डिंकाच्या लाडवांचा पितळी डबा कडेवर घेऊन त्या खोडावरून निघाली. मधोमध पाय सटकला. काठावरच्या दोघांनी उड्या टाकून राजमला ओढून काढलं, डबा मात्र गेला तो गेला.

राजम निथळत्या लुगड्यानं उलटी फिरली. "पूल झाला की येईन! तोवर जावयाच्या घरचं पाणीसुद्धा नको!"

"मामी, वर्षाच्या आत पूल!" भीमसेनराव अलीकडच्या काठावरून ओरडले. ते तेव्हा पक्षाचे तालुक्यातले पुढारी होते, आणि पुढाऱ्याला ओरडायची सवय असते.

सहा मैलांच्या वळशानं बस होती. पण राजम म्हणे, "लेकीच्या घरी आडवाटेनं जायला मी काय चोर आहे?" हट्ट म्हणजे असा हट्ट! कनकलता पोरीला कडेवर घेऊन महिन्यातून एकदा त्या खोडावरून माहेरी जायची आणि परतताना काठावर उभी राहून रडायची. आईनं आपलं घर, आपली चूल, आपला संसार एकदा येऊन पाहावा, एवढंच तिचं मागणं होतं. ते काय जगावेगळं होतं?

इकडं भीमसेनराव चढत गेले. पंचायतीत अध्यक्ष झाले, एक्याण्णवला आमदार झाले. दर निवडणुकीत पुलाचा नारळ फुटायचा आणि निवडणूक संपली की पुलाची फाईल झोपायची. एकदा तर दोन खांबांसाठी खड्डे खणले होते, त्यात पुढं गावातल्या म्हशी बसू लागल्या. राजम निरोप धाडायची, "जावयांना सांग, म्हशी खूश आहेत."

भीमसेनराव चिडून विधानसभेत पुलाबद्दल इतक्यांदा उठले, की त्यांच्याच पक्षाला त्यांची कटकट झाली. शहाण्णवनंतर दिल्लीतलं सरकार अनेक पक्षांच्या टेकूवर उभं होतं, आणि प्रत्येक टेकूला काही ना काही द्यावं लागे. पक्षानं त्यांचं नाव राजदूत म्हणून पुढं केलं. दिल्लीतल्या कुणीतरी यादीत वाचलं, राज्य तमिळनाडू, मातृभाषा मराठी. वा! एकाच माणसात दोन राज्यांची सोय झाली. त्यांना पाठवलं एका बेटावरच्या देशात. नाव सांगत नाही, उगाच तिथल्या लोकांना राग यायचा. नकाशावर तांदळाच्या कणीएवढा देश.

"ही बढती की हकालपट्टी?" कनकलतानं विचारलं.

"दोन्ही," भीमसेनराव बंद गळ्याच्या कोटाची बटणं लावत म्हणाले. आपला नवरा खोटं बोलत नाही असं नाही, पण घरात बोलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्या बेटावर एक नदी होती आणि नदीच्या दोन काठांवर दोन गावं. इथंही मधे पूल नव्हता. भीमसेनरावांनी नदी पाहिली, आणि त्यांना घरचा कालवा आठवला. त्यांनी पुलासाठी दिल्लीला पत्र लिहिलं. दिल्लीला तेव्हा नवा हुरूप आलेला. बाजार उघडला होता, आता आपणही इतरांना मदत देणारा देश आहोत हे जगाला दाखवायचं होतं. तीन महिन्यांत मंजुरी आली, आठ महिन्यांत पूल उभा राहिला. भीमसेनरावांनी फीत कापली, बँड वाजला, लोक नाचले.

कनकलता टाळ्या वाजवेना. घरी येऊन ती मटकन बसली आणि भडाभडा रडली. "आठ महिन्यांत! कोण कुठल्या लोकांना! आणि माझ्या आईला एकोणीस वर्षं? तुम्ही माणूस आहात की कोण?"

भीमसेनराव ताटावरून तसेच उठले. फीत कापतानाचा त्यांचा फोटो तंजावरच्या पेपरात छापून आला होता, आणि चारच दिवसांनी सासूबाईंचा निरोप घेऊन फोन आला. "जावयांचा पूल झाला म्हणे, समुद्रापलीकडं. छान झालं. आता लेकीकडं जायला मला आधी विमानात बसलं पाहिजे."

त्या दिवसापासून भीमसेनराव गप्प झाले, आणि ते गप्प झाले की काहीतरी शिजतंय हे बायकोला कळायचं. त्यांनी त्या देशाच्या बांधकाममंत्रीणबाईंना भारतभेटीचं निमंत्रण दिलं. कार्यक्रम अगदी सरळ, म्हणजे दिल्ली, आग्रा, तंजावरचं मोठं देऊळ, आणि शेवटी राजदूतांच्या सासुरवाडीला जेवण. दिल्लीनं सही केली. सासुरवाडी कुठं आहे, हे बघायला कुणाला वेळ होता?

अठरा गाड्यांचा ताफा धुरळा उडवत कालव्याशी येऊन थांबला. पुढं रस्ताच नव्हता. ताडाचं खोड होतं.

"सहा मैलांवरून वळसा..." कलेक्टर घाम पुसत म्हणाले.

"जेवण गार होईल," भीमसेनराव नम्रपणे म्हणाले.

मंत्रीणबाई देहानं भरभक्कम, पण बेटावर वाढलेल्या. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि टणाटण पलीकडं गेल्या. मग कलेक्टरांना थांबून कसं चालेल? ते घोड्यावर बसल्यासारखे खोडावर बसून सरकत सरकत गेले. सरकारी इंजिनिअर चक्क रांगत गेला. काठावर गाव जमलं होतं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पेपरवाले फोटो काढत होते. कनकलताला हसू आवरेना.

केळीच्या पानावर जेवणं झाली. मंत्रीणबाईंनी विचारलं, "आजी, लेकीच्या घरी जाता ना?"

राजमनं एकोणीस वर्षांचा हिशेब एका दमात मांडला. लाडू, डबा, खड्डे, म्हशी, सगळं. भीमसेनरावांनी शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितला, एक अक्षर गाळलं नाही. "आमचे जावई थापाडे आहेत" हेसुद्धा! कनकलता नवऱ्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. डाव आत्ता कुठं तिच्या ध्यानात आला.

मंत्रीणबाई उठून उभ्या राहिल्या. "भारतानं आम्हाला पूल दिला. या आजींचा पूल आमचा देश भारताला भेट देईल!"

झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच. तांदळाच्या कणीएवढा देश भारताला मदत देणार! दिल्लीचं नाक कापलं गेलं. फोनवर फोन खणखणले आणि आठवड्यात सरकारी मंजुरी आली. इंजिनिअर तर म्हणे दिवसातून दोनदा कालव्यावर येई.

आणि आणखी एक पत्र आलं, फार गोड भाषेत. भीमसेनरावांच्या सेवेची यापुढं गरज नव्हती. त्यांनी कोट घडी करून पेटीत ठेवला. कनकलतानं विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय की," ते म्हणाले. "गाडी छान होती."

नव्व्याण्णवला पूल झाला. उद्घाटनाच्या दगडावर सात नावं, त्यात भीमसेनरावांचं नाव नव्हतं. मंत्रीमहाशय मांडवात बसून भाषणाची वाट पाहत होते. तेवढ्यात पलीकडून राजम आली, कडेवर नवा पितळी डबा. फीत होती तिथं वाकली, खालून पार झाली, आणि कुणाकडं न बघता तडक लेकीच्या घरी.

चुलीपाशी बसून तिनं सगळं स्वयंपाकघर न्याहाळलं. मग डबा उघडला. "घे, बाळंतिणीचे लाडू. जरा उशीर झाला."

ज्या पोरीच्या वेळचे ते लाडू, ती शांभवी वीस वर्षांची होऊन दारात उभी होती. कनकलतानं रडत रडत लाडू तोंडात घातला.

भीमसेनराव मांडवातून मागच्या दारानं आले. त्यांनी हळूच हात पुढं केला. "मामी, मला?"

"तुम्ही कधी बाळंत झालात?" राजम फणकारली. मग तिनं डब्यातला सगळ्यांत मोठा लाडू शोधला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या. वीस वर्षं पूल पोटात घेऊन हिंडलात."