शिगेचं भांडं

सासऱ्यांनी ग्रेट डेनचं पिल्लू आणलं तेव्हा घरात दिराच्या हळदीची बोलणी चालू होती, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता. आमच्याकडे, कल्याणच्या पुढे खडवलीकडे, लग्नापेक्षा हळद मोठी. अख्खा गाव जेवायला येतो. त्या दिवशी गेटात वासराएवढा कुत्रा उभा असावा, येणाऱ्यानं आधी त्याला बघावं आणि मग मंडपात शिरावं, असं सासऱ्यांच्या मनात होतं.

त्यामुळे पिल्लाला म्हशीचं दूध सुरू झालं, अंडी सुरू झाली, भात आणि वर मटणाचा रस्सा. गावातल्या कोणीतरी सांगितलं म्हणून कॅल्शियमचं सिरपही.

"हाडं मोठी तर खुराक पन मोठा," सासरे म्हणायचे.

पिल्लू खरंच भराभर वाढलं. मग एका सकाळी ते ओट्याच्या पायऱ्या उतरेना. वरच उभं राहून कुईकुई करायला लागलं. पुढचे पंजे बाहेरच्या बाजूला फाकलेले, मनगटं सुजल्यासारखी. सासऱ्यांनी उचलून खाली ठेवलं तर चार पावलं चालून बसलं.

गाडीत घालून मी आणि सासरे त्याला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाय दाबून बघितले, वजन केलं, काय काय खातो ते विचारलं. सासऱ्यांनी अभिमानानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"काका, मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढवायचं असतं. हा मोठा होणारच आहे, तुम्ही घाई केली म्हणून जास्त मोठा होणार नाही. पाय कोवळे आणि वर एवढं ओझं! ते सिरप तर आजच बंद करा."

"पन पाय सरळ व्हतील ना?"

"वजन आवरलं तर होतील. नाही आवरलं तर जन्मभर लंगडेल."

परतीच्या वाटेवर सासरे पिल्लाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

खाणं निवडायचं काम माझ्याकडे आलं, आणि ते बरोबरच होतं. माझं माहेर कोपरीचं. वडील सातवी, आई शाळेत गेलेली नाही. औषधाची पट्टी असो, सोसायटीची नोटीस असो, लाइटबिल असो, आमच्या घरात छापलेलं जे येईल ते माझ्या हातात यायचं. आमच्या घराण्यात पहिली बी.कॉम. मी. ते मी सांगते, लाजत नाही. कुत्र्यांबद्दल मला काही माहीत नव्हतं, पण बारीक अक्षर वाचायचा कंटाळा मला कधी आला नाही.

दुकानात सासऱ्यांनी थेट एका पिशवीवर हात ठेवला. तिच्यावर छाती काढून उभा असलेला काळा कुत्रा होता. "योच घे. बग कसा हाय."

मी पिशवी उलटी केली.

"मॅडम, पुढून बघा ना," दुकानदार हसत म्हणाला. "मागे नुसतं लिहिलेलं असतं."

"तेच वाचतेय."

ती पिशवी मोठ्या कुत्र्यांची होती, पिल्लांची नव्हती. दुसरी पिल्लांची होती, पण सगळ्या जातींना चालणारी. डॉक्टरांनी तर बजावून सांगितलेलं, मोठ्या जातीच्या पिल्लाचंच हवं, कारण त्यात कॅल्शियम बेताचं असतं. शेवटी खालच्या फळीवर एक साधी पिशवी मिळाली. तिच्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, वाढत्या वयासाठी पूर्ण आहार असंही होतं, कॅल्शियमचा आकडाही दिलेला होता. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यांचा होकार आल्यावरच पिशवी उचलली.

"याच्यावरचा कुत्रा बारीक हाय," सासरे म्हणाले.

घरी येऊन मी काट्यावर वजन करून एक स्टीलचं भांडं ठरवलं. काठापर्यंत भरायचं, रोज ठरलेल्या वेळी. खायला घालायचं काम सासऱ्यांचं. ते त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नसतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी वजन केलं आणि माझ्याकडे बघितलं. आवरायचं सोडा, वजन जोरात वाढलं होतं. "घरात कोणीतरी काहीतरी देतंय." मी घरी येऊन सगळ्यांना विचारलं. सासूबाईंनी देवाची शपथ घेतली. दीर म्हणाला, "वैनी, मलाच कोन काय देत नाय, मी त्याला काय देऊ?"

मग दुपारी मी ओट्यावर जाऊन बसले. सासरे आले, पिशवीत भांडं बुडवलं आणि बाहेर काढलं. काठाच्या वर चढलेली ही एवढी शीग! एक दाणाही न सांडता, तळहातानं आधार देत त्यांनी ते वाडग्यात ओतलं. आयुष्यभर असंच भात मोजलेला हात तो.

"बाबा, काठापर्यंत म्हटलेलं ना मी?"

"काठापरतच हाय. वरची शीग."

"शीग कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. "बाय, जो आपले दारात जेवतो त्याचे मापावर हात नाय फिरवायचा. हात व्यापारी फिरवतो. माझे बापानं कधी गड्याला सपाट माप दिला नाय, मी कुत्र्याला देऊ?"

मी आतून काटा आणला. भांडं तसंच भरायला लावलं, वरची शीग वेगळी काढली आणि नुसती शीग काट्यावर ठेवली. आकडा त्यांनीही बघितला.

"ही रोजची, बाबा. ही त्याच्या पायांवर बसते."

आतून सासूबाई ओरडल्या, "तिचं आयका! नायतर जन्मभर त्याला खांद्यावर घेऊन फिरा!"

सासऱ्यांवर काय संकट आलंय ते मला कळत होतं. माहेरी आम्ही मापानंच खायचो. या घरात तसं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघत होते. त्यांनी भांडं भरलं, शिगेसकट. मग डाव्या हातात वाटी धरली, उजवा तळहात भांड्यावरून फिरवला आणि शीग वाटीत उतरवली. भांडं पिल्लाच्या वाडग्यात रिकामं केलं. वाटी घेऊन गेटाबाहेर गेले. तिथे गावातली एक कुत्री कायम पडलेली असायची. तिच्यापुढे वाटी ओतली आणि मला खिडकीत बघून म्हणाले, "भरायची ती शिगेनंच भरली. आता कोनाचे तोंडात गेली ते मी बगीन."

मी म्हटलं, "चालेल की."

हळदीपर्यंत पिल्लू उंच झालं, पण जाड नाही. मंडपात पहिली पंगत उठली तशी सासूबाईंचे भाऊ, आमचे मामा, हातात हाडांचं ताट घेऊन ओट्याकडे आले. कुत्र्याला वरखाली बघून मोठ्यांदा म्हणाले, "काय दाजी, एवढी जमीन हाय, एवढा मटन शिजवलाव, नि कुत्र्याला उपाशी ठेवलाय? काय यो हाडांचा सापला!"

माणसं वळून बघायला लागली. मी दारात थांबले. सासऱ्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

त्यांनी मामांचा मोकळा हात धरला आणि कुत्र्याच्या बरगडीवर दाबला. "फासल्या लागतात?"

"लागतात."

"दिसतात?"

"तशा नाय दिसत."

"मंग बराबर हाय. डाक्टरनं असाच सांगितलाय. आता तुझ्या लागतात का बगू." आणि त्यांनी मामांच्या पोटात बोट खुपसलं. मंडप हसला. मामा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले.

"सूनबाई, भांडा आन!"

मी भांडं आणि वाटी नेऊन दिली. सगळ्यांसमोर त्यांनी शिगेनं भांडं भरलं आणि सावकाश, काठालगत तळहात फिरवून शीग वाटीत उतरवली; भांडं वाडग्यात ओतलं. कुत्रा ओट्याच्या पायऱ्या उतरून आला, पुढचे दोन्ही पंजे सरळ टाकत, आणि वाडग्यात तोंड घातलं.

मामांनी हाडांचं ताट बाजूला ठेवलं. "आनि ही वाटीतली कोनाची?"

सासऱ्यांनी गेटाकडे मान हलवली. मामांनी वाटी उचलली आणि गर्दीतून वाट काढत गेटाकडे निघाले.