रंगावर कसलेला बोल्ट

मर्व्ह टिंडलने चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या त्या उजाड पट्ट्यात गाडी बंद पडली की लोक आधी मर्व्हला हाक मारायचे, मग देवाला. फेब्रुवारीत त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि हे कोणाच्या गावीही नव्हतं.

घर विकून तो आणि बायको ग्वेन कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरातच राहत. त्या दिवशी पारा त्रेचाळीसवर होता. मर्व्हचं इन्शुलिन ज्या फ्रिजात, तो सुरू व्हायला लागला की गाडीच्या बॅटरीवरचा इन्व्हर्टर कोकलून बंद पडे. शेजाऱ्यांकडे नुसत्या बर्फाच्या पेट्या. बर्फात इन्शुलिन गोठून वाया जातं. औषधाचं दुकान पावणेतीनशे किलोमीटरवर.

पाच वाजले. पाचला कॅरॅव्हॅनच्या तळावरचे सगळे म्हातारे खुर्ची आणि बिअर घेऊन जमतात. त्यानंतर पान्ह्याला हात लावणं म्हणजे मंडळींचा अपमान. आज मात्र इन्शुलिनपायी नियम बाजूला ठेवून मंडळी मर्व्हच्याच दारात बसली.

"इन्व्हर्टर मेलाय. नवा घे," रॉस म्हणाला. हा निवृत्त हेडमास्तर. त्याने फ्रिज लावून मीटर धरला. "बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, इन्व्हर्टरपाशी दहा. बघ, हाच खातोय."

अरे दीडशहाण्या, खातंय ते वाटेत कुठेतरी! मर्व्ह आतल्या आत चरफडला. इन्व्हर्टरची निगेटिव्ह वायर दारालगतच्या सीटखाली गाडीच्या पत्र्याला बोल्टने कसलेली होती. डाव्या हाताने तो तिकडे बोट दाखवत राहिला.

"लघवीला जायचंय का रे?" ग्वेनने विचारलं, चारचौघांत, मोठ्याने.

शेवटी तो खुर्चीतून घसरला आणि डाव्या अंगावर त्या बोल्टपर्यंत सरपटला. त्याला उचलताना रॉसची नजर तिथे गेली.

"थांबा, सापडलं मला."

बोल्ट काढला तर खाली वीज अडवणारा रंग जसाच्या तसा, आणि जेमतेम टेकलेल्या कडेलाही आता गंज. रॉसने रंग घासला, बोल्ट पुन्हा कसला. फ्रिज घुरघुरला. इन्शुलिन वाचलं.

"रंगावरच कसलाय! कोण्या गाढवाचं काम हे?"

"ह्याचंच," ग्वेन म्हणाली. "गेल्या वर्षीचं. तेव्हापासूनच डोकं जात चाललं असणार बिचाऱ्याचं."

गेल्या वर्षी रंग घासायला मर्व्हने पॉलिशपेपर हातात घेतला होता. तेवढ्यात पाच वाजले, आणि 'सगळे खोळंबलेत, पुरे ते' म्हणत तिनेच तो काढून घेतला. उद्या करू म्हणून राहिलं ते राहिलंच. तिला काही आठवत नव्हतं. मर्व्हला तेवढंच सांगायचं होतं. तोंडातून नुसती घरघर आली. त्याने डावी मूठ टेबलावर आपटली, बिअर सांडली.

"दमलाय," ग्वेनने सगळ्यांना सांगितलं. रॉसचा पेला पुन्हा भरून तिने लख्ख उजेडात मर्व्हला आत नेऊन झोपवलं.