तळ्याकाठचा गोल्फचा माळ

आमच्या गावात गोल्फ आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. आखाडा बाळापूरच्या स्टँडवर एकानं तर मला चहा पाजून विचारलं, "काका, तब्येत बराबर हाय ना?" हसा बापहो, खुशाल हसा. मी तीस वर्षं कोकणात समुद्राकाठच्या एका गोल्फच्या मैदानावर गवताचा मुकादम होतो. रिटायर होऊन गावी आल्यावर मी जो दिवा लावला तो ऐकलात, तर आणखी हसाल.

आधी माळाचं सांगतो. गावाबाहेर तळं आहे, आणि तळ्याच्या काठानं उंचसखल, दगडगोट्यांचा मोठा माळ. निजामाच्या काळात हिंगोलीला गोऱ्या साहेबांची छावणी होती. ते हिवाळ्यात तंबू घेऊन आमच्या तळ्यावर यायचे आणि या माळावर गोल्फ खेळायचे. हे कुठं लिहिलेलं नाही. आमच्या शेजारच्या सुतारचाचांच्या खापरपणज्यानं साहेबांच्या मोडक्या काठ्या दुरुस्त केल्या होत्या, म्हणून ही गोष्ट त्यांच्या घरातून आमच्या घरात आली. पाण्याची बोंब असल्यानं, ज्या भोकात चेंडू घालायचा त्याच्याभोवती हिरवळ नसायचीच. बारीक रेती चाळायची, तेलात कालवायची आणि ओलं पोतं ओढून सपाट करायची. साहेब गेले, आणि माळावर बकऱ्या चरायला लागल्या.

त्यातल्या बऱ्याचशा माझ्या आक्काच्या. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आता सत्तरीला टेकलेली. नवरा गेल्यावर माहेरी आली ती इथलीच झाली. अकरा बकऱ्या आणि एक बोकड, एवढा तिचा संसार. बकऱ्यांशी ती दिवसभर बोलते, माणसांशी जेवढ्यास तेवढं. एका अंगणात आमच्या दोघांच्या खोल्या आहेत.

मी परत आलो तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई पोरांसाठी मैदान शोधत होत्या. शाळेपुढचं अंगण म्हणजे चार उड्या मारल्या की संपलं. त्यांना माळाची गोष्ट कळली आणि त्या मला म्हणाल्या, "सर, तुम्हाला यातलं कळतं. पाच भोकांचं का होईना, करू या ना." मला जन्मात कुणी सर म्हटलं नव्हतं. मग काय विचारता, चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर!

ग्रामपंचायतीत ठराव झाला. सुतारचाचांनी बाभळीच्या काठ्या तासून दिल्या, पोरापोरींनी कयाधू नदीची रेती चाळली. आणि मी कुंपण घातलं.

कोकणातलं आमचं मैदान माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नव्यानं बांधलं होतं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचा पहिला नियम असा, की आधी कुंपण, मग काम. गुरं बाहेर, माणसं बाहेर, कोळणींची जुनी पायवाटसुद्धा बाहेर. तेच मी डोक्यात भरून इकडं आणलं होतं. भर उन्हाळ्यात खांब रोवले, काटेरी तार ओढली, फाटकाला कुलूप घातलं.

आक्का बकऱ्या घेऊन फाटकाशी आली. "काहून रे? माझ्या बकऱ्यानं तुझं काय खाल्लं?"

"आक्का, लेकरांसाठी आहे हे. बकऱ्या सगळं उकरून ठेवतात. तू बांधानं चार त्यांना."

"बांध काय आपल्या बापाचा हाय?" एवढं बोलून ती वळली. मला वाटलं, चार दिवस रुसेल आणि येईल ताळ्यावर. मेलं माझं शहाणपण!

ती तीन महिने माझ्याशी बोलली नाही. माझी बायको मधे निरोप्या झाली. आक्का याच्या त्याच्या बांधानं बकऱ्या फिरवायची, शिव्या खायची, नाहीतर दावणीला बांधून पाला टाकायची. बकऱ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. मला ते दिसत होतं, खोटं कशाला बोलू? पण मी सर झालो होतो ना.

त्या साली पाऊस बरा झाला. गवत आधी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. एखादी पोरगी एक टोला मारायची आणि सगळी शाळा अर्धा तास चेंडू शोधायची. एकदा चेंडूच्या जागी धामण निघाली. गवत कापायचं मशीन आणलं तर दगडांवर आपटून दुसऱ्याच दिवशी त्यानं राम म्हटला. विळे देऊन बाया लावल्या. त्या एका टोकाकडून कापत पुढं जाईस्तोवर मागचं पुन्हा वर यायचं. शेवटी मोठ्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सर, दिवाळीपर्यंत पोरं अंगणातच खेळू देत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी फाटकाशी डोक्याला हात लावून बसलो होतो. सुतारचाचा आले, शेजारी टेकले आणि गवताकडं बघत म्हणाले, "एक सांगा. तिकडं समिंदरावर, मशिनी यायच्या आधी गवत कोन कापायचं?"

उत्तर मला तोंडपाठ होतं. कारण तिथल्या ऑफिसात मैदानाचा जुना नकाशा टांगलेला होता, आणि पाहुणे आले की त्यावर काठी ठेवून इतिहास सांगायचं काम माझंच होतं. ही सगळी चराऊ जमीन होती, इथं मेंढ्या चरायच्या, त्यांनी गवत बोटभर ठेवलं म्हणून इथं खेळ सुरू झाला. हजारदा सांगितलं असेल हे मी! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते उगाच नाही.

"चाचा, मग हे आधी काहून न्हाई बोलले तुमी?"

"तुमी ऐकायच्या मूडमधी कुठं व्हते?" चाचा म्हणाले. "आता हितं बसू नका. आज बाजार हाय. तुमची आक्का सकाळीच बकऱ्या घेऊन बाळापूरला गेली. समद्या इकून टाकते म्हनली."

मोटरसायकल काढली ती थेट बाजारात. आक्का लिंबाखाली उभी होती. अकरातल्या चार गेल्या होत्या. एक व्यापारी पाचवीचे दात बघत होता आणि आक्का दुसरीकडं तोंड करून उभी होती.

"आक्का, चल घरी. बकऱ्या माळावर सोड."

"दया करून राहिला का माझ्यावर?"

"न्हाई. गवत माझ्याच्यानं आवरत न्हाई. बकऱ्यांबिगर मैदान व्हत न्हाई. माझं चुकलं."

"मोठ्यानं बोल. ह्या भाऊला बी ऐकू येऊ दे."

भर बाजारात मी ओरडून बोललो, माझं चुकलं. लोक हसले. व्यापाऱ्यानं बकरीचं तोंड सोडलं. चार गेल्या त्या गेल्याच. ज्यानं घेतल्या तो त्या टेम्पोत घालून कधीच निघून गेला होता, आणि त्यात तिची सगळ्यात लाडकी होती. त्याची भरपाई माझ्याकडं नाही.

मोटरसायकल तिथंच ओळखीच्या दुकानापुढं लावली आणि मालाच्या रिक्षात बकऱ्यांच्या मधे आक्काशेजारी बसलो. गाव जवळ आलं. तेव्हा ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तीस वर्सं तू तिकडं गवत राखलंस. मी हिकडं राखलं. तुला पेन्शन भेटली आन मला काटेरी तार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आलं.

पोचल्यापोचल्या पकड घेऊन माळावर गेलो आणि तार तोडायला लागलो. आक्का मागं उभी राहून बघत होती. "तुकडे येच आधी," ती खेकसली, "बकऱ्याच्या पायात जातील." मी वाकून एकेक तुकडा वेचला. शाळा सुटल्यावर पोरंही आली वेचायला.

दुसऱ्या दिवशी बकऱ्या आत गेल्या. सातांनी एवढं गवत आटपेना, तर आक्कानं शेजारणींच्याही बोलावल्या. महिनाभरात पोरांना चेंडू दिसायला लागला. आता मोठ्या बाई रोज आधी तिलाच विचारतात, "आक्का, आज कुठं चारणार?" ती हातानं बाजू दाखवते, आणि पोरं दुसऱ्या बाजूला खेळायला जातात. मला कुणी काही विचारत नाही. मी दुपारी आक्काची भाकरी घेऊन माळावर जातो.