कानाशी धरलेलं अंडं

अंडं हातात आलं की ती आधी ते कानाला लावायची. डोळे मिटायची, मान जराशी कलती करायची, आणि तेवढा वेळ कोणी बोललेलं तिला खपायचं नाही. मग डोळे उघडून म्हणायची, "हाय." नाहीतर काहीच न बोलता अंडं खाली ठेवायची. आम्ही समजून जायचो.

कारंज्याच्या आमच्या गल्लीत सगळे तिला काकू म्हणत. जैन व्यापाऱ्याच्या घरातली ती विधवा सून. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेणारी, दिवस मावळायच्या आत जेवण उरकणारी. कांदा चिरलेल्या विळीला हात न लावणाऱ्या या बाईच्या तळहातावर अंडं! तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही आमच्यासारखे आधी हसलाच असता.

तिच्या दिराचं सरकीचं दुकान होतं आणि गोदाम घराच्या मागेच. गोदामाच्या भिंतीपलीकडे गाद्यांचा कापूस पिंजणारी, पिंजाऱ्यांची खाला राहायची. खालाच्या कोंबड्या भिंत ओलांडून यायच्या आणि सरकीच्या पोत्यांमागे अंडी घालून बसायच्या. एका उन्हाळ्यात हमालांनी पोती ओढली आणि उबवायला बसलेल्या कोंबडीची अंडी दबली. हमाल ती उकिरड्यावर टाकायला निघाला, तेवढ्यात काकूला आवाज आला. तडकलेल्या कवचाच्या आतून कोणीतरी चिवचिवत होतं.

"थांब रे बाप्पा, जित्तं हाय ते!"

"अवो काकू, फुटकं अंडं हाय. तुमी शिवसान?"

तिनं पदर पसरला.

पहिली काही पिल्लं तिनं स्वतःच्या हातानं मारली. शब्द कठोर आहे, पण तिचाच आहे. आतून टोच दिसली की ती शेंग सोलावी तसं भराभर कवच सोलायची. आतल्या पातळ पापुद्र्यात लाल शिरा असायच्या, त्या तुटायच्या, आणि पिल्लू तळहातावर थंड व्हायचं. "माह्या घाईनं मेलं," ती म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी उपास धरायची. पुढेही दर मेलेल्या पिल्लामागे तिचा एक उपास ठरलेला. "काकूले आज उपास हाय" असं कानावर आलं की गल्लीला कळायचं, एक गेलं.

त्या उपासांतून ती शिकली. उकिरड्यावर टाकायची अंडी खाला भिंतीवरून तिच्या हाती देऊ लागली. कवचाला नुसती चीर असली तर काकू कणकेची खळ करून वरून पातळ कागद चिकटवायची आणि अंडं पुन्हा कोंबडीखाली सरकवायची. पिल्लू टोच मारून अडकलं असेल, पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला चिकटला असेल, तर कोमट पाण्याचं बोट लावत बसायची. बाभळीच्या काट्यानं चोचीपुरती जागा मोकळी करायची. लाल शीर दिसली की हात मागे. समोरच्या घरातली मी शेजारी बसून चुळबुळ करायची.

"काकू, काढा ना आता. किती तडफडून राह्यलं ते!"

"घाई कायले? त्याचं त्याले येऊ दे."

"अन् नाही आलं तं?"

"तं मी हावो ना बसेल."

तो पातळ कागद आमच्या घरचा. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकले ती तिथे छापल्या जाणाऱ्या चळवळीच्या पत्रकांवरून, आणि जगात बरोबर काय नि चूक काय तेही त्यांवरूनच. आणीबाणीत छापखान्याला कुलूप लागलं आणि वाटता न आलेले गठ्ठे आमच्या माळ्यावर पडून राहिले. काकूनं त्यातले कागद मागून नेले. 'अन्याय' हा जाड टाइपातला शब्द पाठीवर घेऊन एक अंडं उबत बसलेलं मी पाहिलं आहे. "तुह्या बापाचा कागद मोठा गुनाचा," ती म्हणाली. "खळ लवकर धरते."

उपास म्हणजे थोतांड, असं आमच्या पत्रकांत लिहिलेलं असे. मी ते तिला ऐकवायची. एकदा तर मी चिडून म्हणाले, "तुमी वाचवता, अन् मोठे झाले का खाला बाजारात नेऊन इकते. कापाले जातात ते. काय कामाची ही दया?"

तिनं काटा पुसून ठेवला. "ठाऊक हाय मले. म्हून आतच मरू देऊ? जरासक उन्हात फिरू दे ना त्याले."

उत्तर मला पटलं नव्हतं. अजूनही पुरतं पटलेलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला. महाराज सकाळी एकदाच आहाराला निघतात. ज्यांच्या घरी महाराजांसाठी शुद्ध स्वयंपाकाचा चौका मांडलेला असतो ते लोक धुतल्या वस्त्रांत, हातात कलश घेऊन दारात उभे राहतात. महाराज कोणाच्या दारी थांबतील ते कोणालाच ठाऊक नसतं. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून तिला एकच इच्छा होती, आपल्या हातचा एक घास महाराजांच्या ओंजळीत पडावा. तसा योग कधी आलाच नव्हता.

दिरानं आवाज न चढवता सांगितलं, "वयनी, चौक्यात उभं राह्याचं असन तं ते अंड्यायचं बंद करा."

"बंद," ती म्हणाली. हसून म्हणाली. काटाही तिनं चुलीत टाकला.

नंतर भिंतीवरून एकही अंडं आलं नाही. खालालाही समजत होतं. रोज सकाळी काकू पांढरं पातळ नेसून, कलश धरून जावेशेजारी उभी राहायची. महाराज दुसऱ्या गल्लीकडे वळायचे.

त्या सकाळी मी समोरच्या ओट्यावर होते. महाराज आमच्या गल्लीत वळले अशी कुजबुज आली. त्याच वेळी भिंतीपलीकडून चिवचिव सुरू झाली. खालाच्या बकरीचा पाय अंड्यावर पडला होता. काकूला कळू नये म्हणून खालानं दार लावून घेतलं, पण आवाज दाराला ऐकतो थोडाच! काकूची मान कलती झाली. मी रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेले.

"काकू, आज नोका जाऊ. एका पिल्लापायी?"

मी, जिनं तिच्या चौक्याची इतकी थट्टा केली होती, तीच असं म्हणाले.

"तुले नाही आयकू येत?" तिनं विचारलं. कलश जावेच्या हातात दिला आणि मागच्या दारानं निघून गेली.

मीही गेले. तिनं खालाच्या अंगणात फतकल मारली, कुंपणाचा नवा काटा तोडून घेतला, पाणी कोमट करायला सांगितलं. भिंतीपलीकडे एकदम "नमोस्तु, नमोस्तु" असा गजर झाला. महाराज तिच्याच दारात थांबले होते. आयुष्यात पहिल्यांदा. तिचं बोट क्षणभर थबकलं. ओठ हलले, "नमोस्तु." आणि बोट पुन्हा पाण्यात गेलं.

"काकू, जाव ना अब्बी भी," खाला रडवेली होऊन म्हणाली.

"कशी जाऊ? शिवलं ना आता. अन् याचं त्याले येऊ दे."

आहार संपला, महाराज परतले, तेव्हा कुठे पिल्लू बाहेर आलं. ओलं, एक पाय वाकडा, पण जिवंत.

घरात कोणी तिला रागावलं नाही. संध्याकाळी फक्त तिचं ताट मागच्या पडवीत ठेवलं गेलं आणि पुढे रोज तिथेच. मी संतापून दिराविरुद्ध पत्रक लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. "यानं माहं ताट आत येईन का?" मी कागद खाली केला. "मंग दे तो कागद इकडं."

दिवाळीनंतर तिला रिसोडला भावाकडे पाठवलं. एस.टी.त बसताना तिच्याकडे एक पिशवी होती, आणि खिडकीतून ती खालाला वाकड्या पायाच्या पिल्लाबद्दल काहीबाही सांगत होती. उन्हाळ्यात ती तिकडेच वारल्याचं कळलं. आम्हाला कळलं तोवर तेरावाही होऊन गेला होता.

परवा खाला आमच्या दारात आली. हातात तडकलेलं अंडं. मी खळ केली, कागद आणला, पाणी कोमट केलं. दोघींनी अंडं आळीपाळीनं कानाला लावलं. आत टकटक होती. काट्यानं चोचीची जागा मोकळी करायला गेले तर लाल शीर दिसली. हात मागे घेतला. "त्याचं त्याले येऊ दे," मी म्हणाले. थोड्या वेळानं खालाही तेच म्हणाली. आम्ही दोघी एकमेकींना तेच सांगत राहिलो, आणि टकटक कधी थांबली ते आम्हाला कळलं नाही.

खालानं अंडं पदरात गुंडाळलं. "अब इसका उपास कौन धरेगा?" ती म्हणाली आणि गेली.

आत आईनं माझं ताट वाढून ठेवलं होतं. मी ते झाकलं.